शॉटला दिलेला हात

“वहिनी, मारू नका. ठेवा,” हर्षद म्हणाला, आणि मी मारला.

माझा दगड सुसाट गेला, समोरच्या दगडावर धाडकन आदळला आणि दोघेही घसरत जाऊन कोळंबीच्या रिकाम्या क्रेटांत शिरले. वरची क्रेटं खाली कोसळली.

“उडवला की नाही?” मी म्हटलं.

“उडवला. पण आपलाही गेला,” हर्षद म्हणाला. “आता घरात काय राहिलं?”

“काही नाही.”

“मग गुण कोणाला?”

“कोणालाच नाही. पण उडवला ना?”

तो कपाळाला हात लावून बर्फावरच बसला. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात दोन स्वेटर. भिंतीपलीकडे मिरकरवाडा बंदरात माणसं घामानं निथळत जाळी दुरुस्त करत होती आणि अलीकडे आम्ही दीर-भावजय थंडीनं कुडकुडत भारताचा संघ तयार करत होतो.

मासळीचं हे कोल्ड स्टोरेज माझे यजमान अविनाश सांभाळायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा तीन नंबरची खोली रिकामी पडायची. त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे या हर्षदनं, मालकांच्या हातापाया पडून ती मागून घेतली, जमिनीवर पाण्याचे थर गोठवले आणि एका टोकाला रंगानं वर्तुळं काढली. नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात गेल्या की आमचं मैदान परत कोळंबीला.

खेळाचं नाव कर्लिंग. थोडक्यात सांगायचं तर बर्फावरचा कॅरम. लांबलचक बर्फाच्या पट्टीच्या टोकाला वर्तुळं असतात, त्यांना आम्ही घर म्हणायचो. मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा जड, गुळगुळीत दगड इकडून सरकवायचा आणि तिकडे घरात थांबवायचा. ज्याचा दगड मध्याच्या सगळ्यांत जवळ, त्याला गुण. जोडीदार ब्रश घेऊन दगडाच्या पुढे बर्फ घासत पळतो. घासलं की दगड लांब जातो, नाही घासलं की लवकर थांबतो. सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. मग म्हणाल्या, “घरात कधी केरसुणीला हात लावला नाही मेल्यानं, आणि देशासाठी झाडू मारणार.”

हर्षदला हे खूळ टीव्हीवरून लागलं. लहानपणापासून त्याला भारताचा शर्ट अंगात घालायचा होता. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या पुढे गेला नाही, पोहण्यात तेवढाही नाही. मग हा खेळ दिसला. त्यात एक पुरुष आणि एक बाई अशी जोडी लागते, आणि आपल्या देशात तो खेळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाई म्हणून त्यानं मला धरलं, कारण मी चिपळूणची. माझ्या बाबांची तिथे कॅरमची खोली होती आणि लग्नाआधी मी राज्याची स्पर्धा जिंकलेली होती. माझ्या लग्नात हर्षद सातवीत होता, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते. रागावले की मात्र ‘भावजी’ म्हणते. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मी भावजी म्हटलं की ज्यानं त्यानं आपापलं ताट उचलून आत जायचं.

“कॅरममध्ये सोंगटी घालवायची असते, वहिनी,” तो त्या दिवशी पुन्हा समजावू लागला. “इथे राखायची असते. तुमचा हात मारायचाच आहे. त्याला जरा थांबायला शिकवा.”

“तुझा हात थांबायचा आहे, माझा मारायचा. म्हणून तर जोडी आहे.”

“बरं, मग हा बघा.”

त्यानं दगड सोडला. हळूच, देवापुढे नैवेद्याचं ताट सरकवावं तसा. दगड वळत वळत गेला आणि घरात थांबला. चांगला होता.

“द्या आता हात,” तो म्हणाला.

ही त्याची रोजची मागणी. बाबांच्या कॅरम खोलीत एक रीत होती. समोरच्यानं असा शॉट मारला, की जो आपल्या हातून जन्मात झाला नसता, तर बोटांची पावडर पुसायची, उठायचं आणि बोर्डावरून त्याला हात द्यायचा. खेळ तिथेच थांबवून. आपण जिंकत असू की हरत असू, याचा संबंध नाही. बाबा म्हणायचे, हार-जीत बोर्डावर दिसते, शॉट मात्र विरून जातो, म्हणून त्याची पावती लगेच द्यावी. असा हात वर्षातून एकदा-दोनदा दिला जायचा. मी हर्षदला कधी दिला नव्हता.

“हा मी डोळे मिटून मारीन,” मी म्हटलं.

“मघाशी डोळे उघडे ठेवून क्रेटं पाडलीत.”

“भावजी.”

तो मुकाट्यानं क्रेटं रचायला गेला.

पुढे गुलमर्गला निवड चाचणी झाली. तिथल्या इतर जोड्याही आमच्यासारख्याच व्हिडिओ बघून शिकलेल्या. आम्ही जिंकलो. मला त्यात नवल वाटलं नाही, हर्षद मात्र शर्ट मिळाल्यावर तो घालूनच झोपला. आणि डिसेंबरात आम्ही स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावी पात्रता स्पर्धेसाठी जाऊन पोचलो.

पहिले तीन सामने आम्ही हरलो. कारण साधं होतं. आमची कोळंबीची खोली खऱ्या पट्टीच्या निम्म्यानंही लांब नव्हती. हाताला सवय तेवढ्याच जोराची. दगड अर्ध्या वाटेत बसायचे आणि मी पुढे पळत पळत घासायची. तिसऱ्या सामन्यापर्यंत माझा उजवा खांदा धरला. पण त्याच सामन्याच्या शेवटी हाताला लांबी कळली, आणि मी हर्षदला म्हटलं, “उद्याचा आपला.”

शेवटच्या सामन्याच्या सकाळी संघटनेच्या सचिवांचा फोन आला. “भाटकर बाई, एक तरी सामना जिंकून या. शून्य घेऊन आलात तर पुढच्या वर्षी नाव पाठवायचा विषयसुद्धा मला बैठकीत काढता येणार नाही. हा खेळ आपल्याकडे इथेच संपेल.”

फोन स्पीकरवर होता. हर्षदनं हातातला पाव खाली ठेवला. मी माझा खाल्ला आणि त्याचाही खाल्ला.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” त्यानं विचारलं.

“वाटली असती, पण भूक जास्त लागलीय.”

समोर डेन्मार्कची जोडी होती, बाप-लेक. बाप अँडर्स, पांढऱ्या दाढीचा, पन्नाशीच्या पुढचा. मुलगी फ्रेया विशीची, ताडमाड उंच. हा सामना जिंकले तर ते पुढच्या फेरीत जाणार होते, म्हणजे त्यांनाही तो तितकाच हवा होता. आठ डावांचा खेळ. सहा डाव संपले तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. माझा हात तापला होता. मी उडवत होते आणि हर्षद राखत होता. खांदा ठणकत होता, मधूनमधून मी तो चोळत होते, पण तो कोणाचा तरी दुसऱ्याचा असावा असं वाटत होतं.

सातव्या डावात आमचा दगड अगदी मधोमध बसला आणि पुढे आमचेच दोन दगड आडोशाला उभे. अँडर्सचा शेवटचा दगड उरला होता. माझ्या हिशेबानं त्याला वाटच नव्हती.

त्यानं दगड सोडला. तो आमच्या बाहेरच्या दगडाला जेमतेम घासला, दिशा बदलून आत वळला, मधल्या दगडाला बाहेर ढकलून स्वतः त्याच्या जागी बसला. त्यांचा आधीचा एक दगडही घरात होता, म्हणून त्यांना दोन गुण मिळाले. सामना बरोबरीत आला.

मी पाहतच राहिले. असा कट मी हलक्या सोंगटीनं, पावडर टाकलेल्या बोर्डावर आयुष्यभर मारू पाहिला होता. या माणसानं तो वीस किलोच्या दगडानं ऐंशी हातांवरून मारला.

मी उजव्या हाताचा ग्लोव्ह काढला, बर्फावरून चालत त्याच्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

अँडर्स माझ्या हाताकडे बघत राहिला. मग गुणफलकाकडे. मग माझ्या खांद्याकडे. “नक्की?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“नक्की,” मी म्हटलं. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं कळतं.

त्यानं ग्लोव्ह काढला आणि माझा हात हातात घेतला. फ्रेयानं जाऊन हर्षदशी हात मिळवला. हर्षदला आपली रीत ठाऊक होती, त्यानंही हसून मिळवला. मी परत आले आणि आठव्या डावाचा विचार करू लागले. शेवटचा दगड आमचा होता. जिंकणं दिसत होतं.

पण फ्रेया ब्रश पिशवीत घालत होती. आणि सामन्यावर देखरेख करणारी पंच बाई, आखूड पांढऱ्या केसांची, कागद घेऊन आमच्याकडे येत होती.

“इथे सही,” ती म्हणाली.

“कसली?” हर्षदनं विचारलं.

“सामना सोडल्याची.”

“कोणी सोडला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हर्षदला हळू, स्वच्छ इंग्रजीत समजावलं. या खेळात सामना चालू असताना ग्लोव्ह काढून हात पुढे करणं याचा अर्थ एकच. आम्ही हरलो, खेळ थांबवतो. चौघांनी हात मिळवला की सामना संपला. बाईंचा खांदा दुखतोय हे सगळ्यांना दिसत होतं.

हर्षदनं ते मला मराठीत सांगितलं. व्हिडिओत आम्ही शेकडो हात मिळवलेले पाहिले होते. सामना संपला की हात मिळवतात, यात विचारायचं काय? हात मिळवला की सामना संपतो, हे आम्हाला कोण सांगणार होतं? कोळंबीच्या खोलीत समोर कधी कोणी नव्हतंच, आणि गुलमर्गला होते तेही आमच्यासारखेच.

“सांगा त्यांना, चुकून दिला,” हर्षद म्हणाला. “वहिनी, ऐकताय ना? ती म्हणतेय, गैरसमजानं झालं असेल तर ती दुसऱ्या जोडीला विचारू शकते. एवढंच म्हणा, की हात चुकून दिला.”

“चुकून कुठे दिला? शॉटला दिला.”

“ते मला ठाऊक आहे हो. पण तिला काय त्याचं?”

“चुकून म्हटलं की तो हात परत घेतल्यासारखं होतं. मी घेणार नाही.”

“वहिनी, हे संपेल. सगळं. पुढच्या वर्षी कोणी येणार नाही इथे.” त्याचे डोळे भरून आले होते. “एक शब्द आहे फक्त.”

मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. सातवीतला हर्षद जिल्ह्याच्या संघातून नाव गळलं तेव्हा माझ्यासमोर असाच उभा राहिला होता. पण बाबांच्या खोलीत देऊन परत घेतलेला हात मी कधी पाहिला नव्हता, आणि ज्याला दिला तो माणूस चार पावलांवर उभा होता. त्याच्या देखत मी कसं म्हणणार की तुझा शॉट मला चुकून आवडला?

“त्यांना जसं आहे तसं सांग,” मी म्हटलं. “माझ्या गावात काय करतात ते सांग. चुकून हा शब्द वापरायचा नाही. वापरलास तर मी इथेच तुला भावजी म्हणीन.”

तो डोळे पुसून त्यांच्याकडे वळला. इंग्रजीत बोलत होता, मी पाहत होते. चिपळूण हा शब्द कळला, कॅरम कळला, बाबा कळला. हातानं पावडर पुसल्याची खूणही त्यानं केली. पंच बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती म्हणाली, तुमचं खरं असेल, पण नियमाच्या पुस्तकात अशा हाताची नोंद नाही.

मग अँडर्स पुढे आला. त्यानं मला थेट विचारलं, हळू बोलून, मला समजेल असं. “तो हात माझ्या शॉटसाठी होता?”

“हो. फक्त शॉटसाठी.”

“आणि आता तो परत हवाय?”

“नाही.”

तो आपल्या लेकीकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. फ्रेया पिशवीकडे पाहत राहिली. पुढची फेरी तिच्या त्या पिशवीत बांधून तयार होती. मग तिनं खांदे उडवले आणि ब्रश बाहेर काढला.

अँडर्स पंच बाईला म्हणाला, “बाईंनी हात शॉटला दिला. मीही शॉटपुरताच घेतला. सामन्यासाठी कोणी हात दिलेला नाही. एक डाव बाकी आहे.”

पंच बाईनं कागदाकडे पाहिलं, आम्हा चौघांकडे पाहिलं, आणि कागद दुमडून खिशात टाकला. “खेळा,” ती म्हणाली. “आणि आता कृपा करून ग्लोव्ह काढू नका.”

आठवा डाव त्या बाप-लेकीनं दया-माया न दाखवता खेळला, आणि त्याबद्दल मी त्यांना मनात शंभर गुण दिले. शेवटी त्यांचा दगड मध्यापासून वीतभर अंतरावर, आणि समोर त्यांच्याच दगडांचा आडोसा. आमचा एकच दगड उरला होता आणि तो हर्षद टाकणार होता. मध्याजवळ ज्याचा दगड, त्याचा सामना.

मी घरापाशी उभी राहून कोन पाहिले. डावीकडून जोरात मारला तर आडोसा फुटून मागचाही उडण्याची शक्यता होती.

“मार,” मी ओरडले. “डावीकडून. सगळं उडव.”

हर्षद पलीकडच्या टोकाला उकिडवा बसला होता. त्यानं मान हलवली. “मारत नाही, वहिनी. ठेवतो.”

“वाट नाही तिथे.”

“आडोशाला वळसा घालून जाईन. तुम्ही फक्त मी सांगेन तेव्हा घासा. तोवर ब्रश टेकवू नका.”

मला माहीत होतं की हे माझ्या हातून कधीच झालं नसतं. इतका हळू दगड मला सोडताच येत नाही, माझा हातच ऐकत नाही. पण दगड त्याचा होता. मी बाजूला सरकले.

त्यानं सोडला. दगड इतका सावकाश येत होता की मला वाटलं, हा आमच्या कोळंबीच्या खोलीपुरताच आहे, अर्ध्या वाटेत बसणार. मी ब्रश उगारून त्याच्याबरोबर उलटी चालत होते आणि हात शिवशिवत होते.

“नको!” हर्षद मागून ओरडला. “अजून नको!”

दगड आडोशाच्या कडेनं सरकला. केसाइतकी फट. पुढे गेला आणि आतल्या बाजूला वळू लागला.

“आता! घासा, वहिनी, घासा!”

मी खांद्याला विसरून घासलं. सासूबाईंनी पाहिलं असतं तर जन्मभराची केरसुणी माझ्याच हातात दिली असती. दगड हळू झाला, आणखी हळू, आणि त्यांच्या दगडाशेजारी जाऊन थांबला. मध्याच्या एका बाजूला त्यांचा, दुसऱ्या बाजूला आमचा, लाल मुठीचा. दोन्ही वीतभर. डोळ्यांनी कळेना.

पंच बाई मापायची लांब पट्टी घेऊन आली, गुडघे टेकून बसली आणि मध्यबिंदूत पट्टीचं टोक रोवलं. फ्रेयानं दोन्ही हात तोंडावर धरले. हर्षद धावत आला आणि धापा टाकत माझ्याजवळ उभा राहिला.

मी ग्लोव्ह काढला आणि त्याच्यापुढे हात केला.

तो हाताकडे बघत राहिला. त्याला ते खरं वाटेना. मग घाईघाईनं त्यानं आपला ग्लोव्ह दातांनी ओढून काढला.

पंच बाईनं मान वर केली. “आता कोण सामना सोडतंय?”

“कोणी नाही,” अँडर्स म्हणाला. “तो शॉटचा आहे. तुम्ही मापा.”

हर्षदचा हात बर्फासारखा गार होता. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि मान खाली घातली होती. पट्टी एकदा इकडे फिरली, एकदा तिकडे. बाईनं पुन्हा एकदा मापलं, उठली आणि एका दगडाच्या मुठीवर बोट ठेवलं.

“वहिनी,” हर्षद मान वर न करता म्हणाला, “कोणाचा?”

“लाल,” मी म्हटलं. “आपला. ग्लोव्ह घाल आता, बोटं आखडतील.”

पण त्यानं हात सोडला नाही.